लाइनवाले काका

झाशी स्टेशनच्या बुकिंग ऑफिसात जन्म घालवलेला हा माणूस कुणाला गाडीत बसवून द्यायला आला, की आधी खिडकीवर जाऊन प्लॅटफॉर्म तिकीट काढायचा. एक नव्हे, दोन. एक स्वतःचं, एक काकूंचं. फाटकावरचा तिकीट कलेक्टर रोज नमस्कार करणारा. तो बिचारा ओशाळून म्हणायचा, "बाबूजी, क्यों शर्मिंदा करते हैं?" काका पुठ्ठ्याची ती दोन्ही तिकिटं त्याच्या नाकासमोर धरायचे आणि त्याने नीट बघितल्याशिवाय पाऊल पुढे टाकायचे नाहीत. तोवर इकडे गार्डाची शिट्टी होत आलेली आणि पाहुण्यांचा जीव टांगणीला.

भुसावळहून बदली होऊन मी त्यांच्या शेजारच्या खिडकीवर बसलो, तेव्हा त्यांची नोकरीची शेवटची काही वर्षं राहिली होती. गावात त्यांना लाइनवाले काका म्हणत. बाजूच्या दारातून कुणी ओळखीचं डोकं आत आलं, की मान वर न करता काका म्हणत, "लाइन से आइए." वकील असो, ठेकेदार असो, नाहीतर वरच्या साहेबाचा मेहुणा. एकदा त्यांचे सासरेच ग्वाल्हेरला परत जायला निघाले आणि दारातून डोकावले. त्यांनाही तेच. म्हातारबुवा एका वऱ्हाडाच्या मागे उभे राहिले आणि गाडी गेली. मग जावयाच्याच घरी आणखी एक दिवस राहिले, जावयाशी अवाक्षर न बोलता. काकू ही गोष्ट सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. "आणि बाबा दुसऱ्या दिवशीही लाइनीतच लागले हो!"

मी एकटा असल्यामुळे रात्रीचं जेवण त्यांच्याकडेच असे. काकू लग्नाआधी ग्वाल्हेरला एका थोर गवयांकडे गाणं शिकलेल्या. आता घरातच, सकाळी स्वयंपाक करता करता गायच्या आणि काका दाढीचा ब्रश तसाच गालावर धरून ऐकत राहायचे. "वाह," ते म्हणायचे. त्यावर काकू वैतागायच्या. "अहो, हे काय ऐकता? गुरुजींना ऐका एकदा. शेजारी बसून ऐकूया, मी सांगेन कुठे काय झालं ते." काकूंनी आयुष्यात नवऱ्याकडे मागितलेली ही एवढीच गोष्ट. दागिना नाही, यात्रा नाही.

ती पुरी व्हायला अडचण नव्हती. झाशीत दर हिवाळ्यात तीन दिवसांचा संगीत महोत्सव व्हायचा आणि रविवारच्या सकाळच्या बैठकीला गुरुजी यायचे. फक्त तिकिटं मिळायला हवी होती. तिकिटं बडा बाजारातल्या एका वाद्यांच्या दुकानात विकली जात आणि त्यांच्यासाठी माणसं एकमेकांच्या अंगावर चढत.

पहिल्या वर्षी काका सकाळी सहाला जाऊन दुकानाबाहेर उभे राहिले. दहाला दार उघडलं. त्याआधी मागच्या गल्लीतून ओळखीवाल्यांनी गठ्ठेच्या गठ्ठे उचलले होते. काकांचा नंबर आला तेव्हा दुकानदाराने हात झटकले. मी म्हटलं, "काका, तुम्हीही मागून जायचं की! त्या दुकानदाराला आपण ओळखतो." ते म्हणाले, "अरे भैया, सगळेच मागून गेले तर लाइन कशाची? अगले साल जल्दी जाऊ."

पुढच्या साली पाचला गेले. पण विक्री इलाइट चौराह्यावरच्या एका ऑफिसात हलवली होती, आणि ते त्यांना नऊला कळलं. तिथे पोचेपर्यंत खेळ खलास. मला खरा संताप आला तो वेगळ्याच कारणाने. त्याच्या आठच दिवस आधी महोत्सवाचे सेक्रेटरी स्वतः आमच्या ऑफिसात आले होते. कलाकारांना परतीच्या बर्थ हव्या होत्या. ते गोड हसून म्हणाले, "बाबूजी, आप हमारा देखिए, हम आपका देख लेंगे." मी टेबलाखालून काकांच्या पायावर पाय दिला. काकांनी पाय बाजूला घेतला आणि म्हणाले, "लाइन से आइए." तो माणूस खरोखर लाइनीत गेला, बर्थ घेतल्या, आणि जाताना आमच्याकडे बघितलंही नाही. मला वाटलं, या माणसाला कोपऱ्यात घेऊन गदागदा हलवावं.

"मग ग्वाल्हेरलाच जाऊ ना," मी म्हटलं, "गुरुजींच्या घरी. काकू त्यांच्या शिष्या आहेत."

काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी विनातिकीट पकडला गेलो होतो. "एवढ्या मोठ्या माणसाला आपल्यासाठी फुकट गायला सांगू?"

तिसऱ्या वर्षी गुरुजींनी काकूंना पत्र पाठवलं. तब्येत बरी नाही, यंदा झाशीला येईन, यापुढे ग्वाल्हेर सोडणार नाही. काकूंनी ते पत्र काकांच्या ताटाशेजारी ठेवलं आणि वाढायला लागल्या. काकांनी रजा टाकली. मीही टाकली, कारण या वेळी एका माणसाला एकच तिकीट असा नियम निघाला होता. आम्ही दोघं म्हणजे दोन तिकिटं. हिशेब सोपा होता.

पहाटेच्या थंडीत आम्ही इलाइट चौराह्यावर उभे राहिलो. नववे काका, दहावा मी. खिडकी उघडली आणि मागून रेटारेटी सुरू झाली. कोणी बाजूने घुसतंय, एक म्हातारी बाई चेंगरतेय. काका चुळबुळायला लागले. मी त्यांची बाही धरली. "काका, हलू नका. तुमचं ऑफिस नाही हे." पण जन्मभर लाइन लावलेल्या माणसाला ते बघवेना. ते बाहेर पडले, हात पसरून ओरडले, "एक के पीछे एक! सबको मिलेगा!" आणि खरं सांगतो, पाच मिनिटांत त्यांनी ती गर्दी दोरीसारखी सरळ केली. म्हातारीला तिच्या जागेवर उभं केलं. मग स्वतः शांतपणे चालत सगळ्यांच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

"अहो, तुमची जागा इथे आहे!" मी ओरडलो. पुढच्या-मागच्या चार जणांनीही बोलावलं.

"जो लाइन से निकला, वो पीछे," काका तिकडून म्हणाले.

मला तिकीट मिळालं. काकांच्या पुढे सात माणसं असताना खिडकी बंद झाली. घरापर्यंत मी त्यांच्या चार पावलं पुढे चालत राहिलो. काकूंनी ते एक तिकीट हातात घेतलं, उलटसुलट बघितलं आणि म्हणाल्या, "असू दे. एक तर मिळालं."

रविवारी काकू आत गेल्या. काका आणि मी बाहेर भिंतीला टेकून उन्हात उभे. आतलं काही नीट ऐकू येईना. समोरच्या चहावाल्याचा स्टोव्ह तेवढा फरफरत होता. मध्यंतरात काकू बाहेर आल्या. चेहरा असा उजळलेला मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. तिकीट पुढे करत म्हणाल्या, "मी तोडी ऐकली. आता भैरवी तुम्ही ऐका. जा."

काका म्हणाले, "एकाचं तिकीट दुसऱ्याला चालत नाही. तू जा."

"तुमच्याशिवाय आता नाही जायची."

दारावरचा बुंदेली माणूस हे सगळं ऐकत होता. त्याला दया आली. "काए बाबूजी, दोई जने भीतर आ जाओ. को देख रओ?"

कोण बघतंय, या त्याच्या प्रश्नाला काका म्हणाले, "हम देख रहे हैं."

मी हात जोडले, रागावलो, नको ते बोललो. काका हलले नाहीत आणि काकूही हलल्या नाहीत. शेवटी दोघं दाराच्या पायरीवर एकमेकांशेजारी बसले. आत भैरवी सुरू झाली असावी. आम्हाला शेवटच्या टाळ्या तेवढ्या ऐकू आल्या. त्याच वर्षी उन्हाळ्यात गुरुजी गेले.

काकूंनी याबद्दल काकांना कधी टोमणा मारला नाही. सकाळचं गाणंही थांबवलं नाही. मात्र "गुरुजींना ऐका" हे वाक्य त्या घरात पुन्हा ऐकू आलं नाही. काका निवृत्त झाल्यानंतर दोन वर्षांनी काकू वारल्या आणि त्याच साली माझी परत भुसावळला बदली झाली.

मी निघालो त्या दिवशी काका स्टेशनवर आले. फाटकावर थांबून त्यांनी तिकिटं दाखवली. कलेक्टर नवा होता. तो म्हणाला, "बाबूजी, आप तो अकेले हैं. दो क्यों?" काकांनी ती पुन्हा त्याच्या नाकासमोर धरली. माझ्या डब्याच्या खिडकीशी आले, ती दोन तिकिटं तशीच मुठीत.

"काका, सवयीने घेतलीत का?" मी विचारलं.

"नाही. तिचं घेतलं," ते म्हणाले. "त्या दिवशी दोघांत एकच मिळालं होतं ना."

इतकी वर्षं या माणसावर चिडलो होतो; आता गजांतून हात बाहेर काढून त्यांची ती मूठ धरली. गाडीने हिसका दिला. काका खिडकीचा गज धरून चार पावलं माझ्याबरोबर चालले आणि मग घाईघाईने, कुणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाले,

"आत जायला हवं होतं रे भैया. कुणी बघत नव्हतं."