डोंग्याला उतराई लागते

बायको गेली तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. वैनगंगेवर माझी शिडाची मोठी नाव चालायची. बैलबंडी, बकऱ्या, अख्खं वऱ्हाड, सगळं एका खेपेत पार. पण तिला दोन गडी लागत, दर उन्हाळ्यात फटी बुजवून डांबर फासावं लागे, आणि शीड फाटलं की नवं कापड. एकुलती लेक लग्न होऊन चार कोसांवर गेलेली. म्हातारपणी तिच्या घरचा भात खायचा नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. ती दर सणाला म्हणे, "बाबा, इथी एकटे काऊन राह्यता? चला घरी." मी म्हणे, "तुह्या सासूले मी दोन दिवसांत नकोसा होईन."

म्हणून नाव खालच्या घाटावर विकली, पैसे पोस्टात टाकले आणि सावरीच्या खोडातून कोरलेला डोंगा घेतला. गडी नको, डांबर नको. माझ्याशिवाय दोन माणसं बसतात. मोठा शहाणपणा केला म्हणून मी स्वतःवरच खूश होतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात आली नव्हती. नावेत माणसं बोलतात. कुणाचं धान कसं झालं, कुणाची सून रुसून माहेरी गेली, सगळं काठ येईस्तोवर कानावर पडे. डोंग्यात कुणी बोलत नाही. जरा हललं की कलंडतो, म्हणून माणूस दोन्ही कडा घट्ट धरून श्वास रोखून बसतो. आणि "हलू नका" म्हणून खेकसणारा मीच! काठ लागला की लोक सुटलो एकदाचे म्हणून पळत. वऱ्हाडं आणि बंड्या खालच्या घाटाला गेल्या. कधी कधी दिवसभरात माझ्या तोंडून "हलू नका" एवढेच दोन शब्द निघत. संध्याकाळी भात रांधताना मी चुलीवरच्या गंजाशी, भाताच्या पातेल्याशी, बोलायचो. फार एकटं वाटायचं. पण सांगणार कुणाला? लेकीला सांगितलं असतं, तर ती उचलून घेऊनच गेली असती.

तिसऱ्या हिवाळ्यात लेक, जावई आणि दोन नातवंडं नदीपल्याड वडशाला नाटक बघायला निघाली, ती माझ्याकडे आली. मलाही चला म्हणाली. मी पेटीतलं धुतलेलं धोतर नेसलो. डोंग्याच्या दोन खेपा झाल्या असत्या, आणि लेकरं चुळबुळी. जावई म्हणाला, "मामाजी, कायले तरास? खालच्या घाटावर मोठी नाव हाय."

ती माझीच नाव. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्यात मी उतारू म्हणून बसलो. नाव भरलेली होती. शेजारच्या माणसानं धानाचं विचारलं आणि मी जो बोलत सुटलो तो थांबेचना. लेक माझ्याकडे बघतच राहिली.

पलीकडे नाव विकत घेणाऱ्यानं ठेवलेला नवा नावाडी उतराई घेत उभा होता, म्हणजे पार नेल्याचे पैसे. आम्हा ढिवरांत नावाडी नावाड्याकडून उतराई घेत नाही. मी हसून म्हणालो, "मी बी नावाडीच हाय, भाऊ. वरच्या घाटावर डोंगा हाय माझा."

"डोंगा?" तो म्हणाला. "डोंगा म्हंजे नाव नाई, भाऊ. मच्छी धराले कोनाकडं बी असते. डोंग्यावाल्याले उतराई लागते."

मला संताप आला, पण त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. पैसे काढायला कमरेला हात लावला, तर कनवटीला काहीच नव्हतं. नदी ओलांडायची तर पैसे घेऊन निघावं लागतं, हे मला जन्मात कधी सुचलंच नव्हतं.

मागं लोक खोळंबले. लेकीनं पदराची गाठ सोडली. "राहू द्या ना बाबा, त्यात काय?" म्हणत तिनं सगळ्यांची उतराई त्याच्या हातावर ठेवली आणि लेकरांना घेऊन वाळूतून पुढे चालू लागली. तिच्या मनात काहीच नव्हतं. तिकडे पोस्टात माझे पैसे सुखरूप होते, आणि इकडे मी लेकीच्या पैशानं माझ्याच नावेतून खाली उतरलो.