एक रुपया इसार

कुलपाला हात लावण्याआधी बाबालालभाई तळहात पुढं करायचे. समोरचा माणूस घराबाहेर अडकून घामाघूम झालेला असो, आत गॅसवर दूध उतू जात असो, त्यांचं ठरलेलं होतं. सौदा पक्का करायला आधी हातावर ठेवतात तो इसार, एक रुपया. कुलूप काढायचे पैसे वेगळे. साध्या कुलपाला वीस-पंचवीस, कपाटाला थोडे जास्त, तिजोरी असेल तर बघून सांगायचे. त्यात कुणी घासाघीस केली तर कमीही करायचे. पण इसाराचा रुपया ज्यानं बोलावलं त्याच्याच हातचा लागायचा, आणि तो देताना त्यानं आपलं नाव सांगायचं.

"इसार देणारा त्यो माझा मालक," ते म्हणायचे. "उद्या कुणी इचारलं, कुणाच्या सांगण्यावरनं काढलंस, तर नाव सांगाय नको व्हय? फुकट उघडलं तर म्या चोर की वो!"

आता बाबालालभाई नाहीत. राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांची लाकडी पेटी असायची, वर एक ठिगळं लावलेली छत्री, आणि तारेच्या कड्यांत ओवलेल्या शेकडो किल्ल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या गॅलरीतून ते सगळं नीट दिसायचं. त्यांच्या टोपीचा वरचा भाग मला त्यांच्या चेहऱ्यापेक्षा जास्त ओळखीचा होता. कानस चालवताना ते जीभ बाहेर काढतात, चहातलं निम्मं बिस्किट कुत्र्याला देतात, नमाजाला जाताना पेटी शेजारच्या शिंप्याच्या हवाली करतात, हे सगळं मी वरून पाठ केलं होतं. मला गॅलरीत उभं राहायला इतका वेळ कसा मिळतो, हे मात्र कुणी विचारत नसे. उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

माझे मिस्टर गणिताचे क्लास घ्यायचे. चांगलं नाव होतं, पोरं पाया पडायची. गल्ली त्यांना सर म्हणायची आणि मीही सरच म्हणायचे. क्लासला जाताना सर आमच्या जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप लावायचे आणि किल्ली खिशात टाकायचे. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यापासून. दिवस वाईट आहेत, फेरीवाले वर येतात, असं ते म्हणायचे. समोरच्या देसाई काकूंनी एकदा कुलपाकडं बघितलं तेव्हा मीच घाईनं सांगून टाकलं, "मीच लावायला सांगितलंय. मला दुपारची गाढ झोप लागते." दुपारची झोप मला कधीच नव्हती. पण कारण मिळाल्यावर काकूंनाही हायसं वाटलं. मग त्या जाळीतून मला काय काय द्यायला लागल्या. वाटी आत येत नसे, म्हणून नेहमी कोरडंच. कागदात बांधलेली शेंगदाण्याची चटणी, एखादा लाडू, धपाटं घडी करून. इतकी वर्षं मी काकूंच्या हातची आमटी खाल्ली नाही, आणि हे आम्हां दोघींपैकी एकीलाही विचित्र वाटलं नाही, म्हणजे तसं आम्ही दाखवलं नाही.

एका दुपारी माझा थोरला भाऊ वडगावहून मोटरसायकलवर आला आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर आला. पेठ वडगावच्या बाजारात आमचं किराणा दुकान होतं, ते तसंच उघडं टाकून आला होता.

"आईचं काय खरं न्हाई," दादा म्हणाला. "तुझं नाव घेतीया. चल." आणि मग त्याला कुलूप दिसलं. "किल्ली कुठाय?"

"सरांकडं."

"आणि सर?"

"सांगलीला गेलेत. रात्री येतील." मोबाइल तेव्हा घरोघरी आलेले नव्हते. दादा एकदा कुलपाकडं आणि एकदा माझ्याकडं बघत राहिला, तेव्हा मी म्हटलं, "चुकून लावून गेले असतील."

आई मरणाच्या दारात आणि माझ्या तोंडातून काय बाहेर पडलं, तर चुकून! दादा तसाच खाली गेला आणि बाबालालभाईंना घेऊन आला.

तोवर जिन्यात माणसं जमली होती. दादानं रुपया पुढं केला. बाबालालभाईंनी तो घेतला नाही.

"पावणं, तुमी वडगावचं. ह्या दाराशी तुमचा काय संबंध?"

"माझी सख्खी बहीण हाय ती आत!"

"व्हय, दिसतंय की. पर उद्या सर आलं म्हंजे तुमी वडगावात, आन म्या हितं." ते काकूंकडं वळले. "काकू, तुमी द्या. शेजारी हायसा."

"मी? सरांना विचारल्याबिगर कसं द्यायचं रे?" काकू म्हणाल्या. "आमचा संजू त्यांच्याच क्लासला हाय. मी जातो बाई, कुकर लावलाय." वरच्या मजल्यावरच्या पाटलांनी सगळे खिसे चाचपले आणि सुटे नाहीत म्हणाले. भर दुपारी, सुपारीचा व्यापार करणाऱ्या माणसाकडं एक रुपया सुटा नाही! मी जाळीला धरून उभी होते आणि चर्चा दुसऱ्या कुणाच्या घराची चालली आहे असा चेहरा करून ऐकत होते.

तेवढ्यात बाबालालभाई माझ्याकडं वळले. "ताई, मग तुमीच द्या की."

सर बाजारहाट स्वतः करायचे. घरात माझ्या हाताशी पैसे नसायचे. मी खालच्या आवाजात ते सांगितलं.

"मोटं बोला, मला कमी ऐकू येतंय."

"माझ्याकडं पैसे नाहीत," मी त्या जिन्यात, सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं म्हणाले. दादानं मान खाली घातली. वडगावात ज्या लग्नाचं जेवण लोक अजून आठवतात, त्या लग्नातली नवरी मी. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला आयुष्यात एकदाच वाटलं आणि ते तिथं.

मग आठवलं. देवघरात हळदीकुंकवानं माखलेला एक रुपया पडून होता. तो आणून मी जाळीतून बाहेर दिला.

"नाव?"

"सरांची मिसेस."

"त्ये सगळ्यास्नी ठावं हाय. नाव सांगा."

"शैला."

पुढं पाटील कुणाला तरी म्हणाले म्हणे, की शेजारी राहून बाईंचं नाव त्यांना त्या दिवशी कळलं. बाबालालभाईंनी रुपया कपाळाला लावला, पेटीतून दोन तारा काढल्या आणि बघता बघता कुलूप सुटलं. राहिलेले पैसे दादानं दिले.

आई भेटली. तिनं मला ओळखलं, हात धरला. "जावईबापू आलं न्हाईत?" तिनं विचारलं. "क्लास आहेत," मी म्हटलं. "किती राबत्यात बिचारं," ती म्हणाली. चौथ्या दिवशी ती गेली, लेक सुखात आहे अशा समजुतीत. दादा सगळं ऐकत उशाशी बसला होता.

त्यानंतर मी सासरी परत गेले नाही, असं इथं लिहायला मला फार आवडलं असतं. मी गेले. दिवसकार्य आटोपल्यावर दादानं मला जिन्याच्या पायथ्याशी सोडलं. वर आला नाही.

सरांनी जाडजूड नवं कुलूप आणलं होतं. मागं काय झालं ते काकूंनी जाळीतून हळू आवाजात सांगितलं. सर दुसऱ्याच दिवशी बाबालालभाईंच्या पेटीपाशी गेले होते. "कुणी सांगितलं तुला?" असं क्लासच्या पोरांदेखत ओरडले. म्हातारा शांतपणे म्हणाला, "तुमच्या मंडळींनी. शैलाताईंनी. इसार दिला." सरांनी लाथ मारून पेटी उलटी केली. शेकडो किल्ल्या रस्त्यावर. बाबालालभाई रांगत रांगत त्या गोळा करत होते आणि गल्ली बघत होती. "आम्ही तरी काय करणार?" काकू म्हणाल्या. त्यांनी त्या दिवशी दिलेला लाडू मी तसाच कागदात ठेवून दिला.

तेव्हापासून मी गॅलरीत उभी राहीनाशी झाले. कपडे वाळत घालायला गेले तरी पाठ रस्त्याकडं. चुकून नजर गेलीच, तर ती टोपी पेटीवर वाकलेली असायची. त्यांनी कधी वर बघितलं नाही. माझी लाज त्यांनी सांभाळली, असं मी समजत होते.

चार वर्षांनी एका सकाळी बाबालालभाई स्वतःच वर आले. सर नुकतेच कुलूप लावून क्लासला गेले होते. प्रत्येक पायरीवर त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"गुडघं गेलं, ताई. लेकीकडं निघालो, हुपरीला. जावई चांदीकाम करतोय. उद्यापासनं न्हाई हितं."

त्या किल्ल्यांबद्दल काहीतरी बोलायचं म्हणून मी तोंड उघडलं, पण त्यांनी हातानं थांबवलं.

"त्ये सोडा. म्या दुसरंच सांगाय आलोय. म्या वर बगत नव्हतो, पर तुमी कुलपात हायसा ह्ये मला ठावं हुतं. लोकं म्हनत्यात बाबालाल लई नेमाचा. कसला नेम! जवानीत एकदा एकाच्या सांगण्यावरनं दार उघडलं आन चौकीत मार खाल्ला. तवापासनं इसार. भ्यालेला माणूस हाय म्या. तुमी हाक माराल, रुपया द्याल, मग बगू, असं म्हनत खाली बसलो. लाज वाटती, ताई." त्यांनी खांद्यावरची पिशवी जरा पुढं घेतली. "आज हत्यारं हायत संगट."

मी काय म्हणाले असेन? "आज नको, भाई. आज सर लवकर येतील."

"बरं," ते म्हणाले आणि वळले.

त्यांचे गुडघे चांगले असते तर मी कदाचित अजून तिथंच असते. ते एक पायरी उतरायचे, थांबायचे, कठडा धरायचे, मग दुसरी. ती पावलं मी ऐकत राहिले. पहिला मजला संपला. मग आवाज तळाच्या फरशीवर आला, आणि त्यानंतर फक्त रस्ता होता.

"बाबालालभाई!"

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. खालपासून वरपर्यंत दारं उघडली. ते पुन्हा वर आले, तसेच, एकेक पायरी करत. रुपयाचं नाव त्यांनी काढलं नाही. नवं कुलूप तारांना दाद देईना, म्हणून लोखंड कापायची करवत लावावी लागली. तो आवाज दातांत शिरत होता आणि थांबायचं नाव घेत नव्हता. काकू येऊन उभ्या राहिल्या. "सरांना विचारलंस का ग?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. यावेळी त्या कुकरचं निमित्त करून आत गेल्या नाहीत, पण पुढंही आल्या नाहीत.

कुलूप तुटलं तसे त्याचे दोन्ही तुकडे बाबालालभाईंनी फुंकर मारून साफ केले आणि उंबऱ्यावर ठेवले. "ह्ये सरांचं हाय. हितंच ऱ्हाऊ दे. आपुन चोरी न्हाई केली."

मी दोन साड्या घेतल्या, पायात चपला घातल्या आणि बाहेर आले. त्यांची हत्यारांची पिशवी मी माझ्या खांद्यावर घेतली, कारण त्यांना दोन्ही हातांनी कठडा धरावा लागत होता. आम्ही अगदी हळू उतरलो. प्रत्येक दारात माणसं उभी होती, आणि मी फक्त पायऱ्या बघत होते.

"ताई," बाबालालभाई मध्येच थांबून म्हणाले, "पिशवी जड हाय व्हय?"

"नाही."

"मग मान वर करा की."

त्या दिवशी मला ते जमलं नाही.