डेझीच्या पंजांना तूप

शॉमबर्ग गावातल्या आमच्या घरात बायको तूप कढवायला लागली, की मी थेट अलास्कात पोचतो. थंडी अशी, की तिथे हासडलेली माझी शिवी गोठली आणि उन्हाळ्यात वितळून भलत्यालाच लागली.

वादळ येत होतं आणि कुत्र्यांनी ओढायच्या आमच्या स्लेजगाडीची म्होरकी कुत्री, डेझी, पंजे फुटून बर्फात बसली. ती उठली नाही, तर आम्ही सगळेच तिथे गोठणार होतो. मी घरून नेलेल्या डब्यातलं तूप तळहातावर वितळवून तिच्या पंजांना चोळलं.

"चाटून टाकेल ती," स्लेज हाकणारी बाई म्हणाली.

"चाटू दे. घरचं आहे."

डेझीने पंजे चाटले, मग माझी बोटं. पुन्हा तूप लावून पंजांवर मोजे चढवले, तशी ती उठली आणि आम्हाला त्या बाईच्या घरी घेऊन गेली.

तेव्हापासून या बोटांना थंडी वाजलेली नाही. बायको म्हणते, थापा. पण हिवाळ्यात धरायला हात तिला माझाच लागतो.