‘सुया’ लिहिलेली बाटली
फिनाइलचा वास आला की मला आचोळ्यातल्या आमच्या फ्लॅटचं दार आठवतं. बाबांना मधुमेह होता, रोज इन्सुलिन टोचावं लागे. वापरलेली सिरिंज सुईसकट आई कोल्ड्रिंकच्या जाड बाटलीत टाकायची. बाटली भरली की झाकणावर चिकटपट्टी गुंडाळायची, बाहेरून लाल नेलपेंटने ठळक ‘सुया’ लिहायची आणि स्वतः खाली उतरून घंटागाडीवाल्याच्या हातात द्यायची. “दादा, जपून हं.” एका सकाळी नेहमीचा फिनाइलवाला ओरडत जिन्यात आला. आईने एक बाटली घेतली, बादलीत ओतायला उघडली, तो उग्र वास घरभर झाला आणि तिचा हात तसाच थांबला. बाटलीवर लाल नेलपेंट होतं. घासून पुसट झालेलं, पण अक्षर आईचंच. ती अनवाणी जिन्यात धावली. “ही बाटली कुठून आणलीस रे?” “भंगारवाल्याकडनं आंटी, कामण गावातनं. धुवून भरतो ना!” “आणि आतल्या सुया?” तो गोंधळला. “आमच्याकडे तर रिकामीच येते.” म्हणजे कुणीतरी ती चिकटपट्टी सोडवली होती आणि सगळ्या सुया कुठेतरी ओतून दिल्या होत्या. कुठे, कुणाच्या पायाखाली, कोण जाणे! तेवढ्यात बाबा दारात आले, नुकतीच टोचलेली सिरिंज हातात धरून. “अगं, बाटली कुठंय?” आता बाबा नाहीत, सुयाही नाहीत, तरी फिनाइल घेताना मी बाटली आधी चारी बाजूंनी फिरवून बघते.