लग्नातल्या गाद्यांची लोकर

ॲटलासच्या डोंगरात आमच्या शेजारी इत्तो राहते. तिचा नवरा हद्दू दम्याने अंथरुणाला खिळलेला आणि शेगडीला लाकूड पुरेना. म्हणून यंदा तिने लग्नातल्या दोन्ही गाद्या उसवल्या, छपराच्या पत्र्याखाली फळ्या ठोकल्या आणि मधे गाद्यांतली लोकर ठासून भरली. आठवडाभर निम्म्या लाकडात खोली उबदार राहिली.

"अगं, हा झगा काढ माझा. शिजवतेस की काय मला?" हद्दू हसून म्हणाला.

मग पत्र्यावरचं बर्फ वितळलं. खिळ्यांच्या भोकांतून पाणी झिरपलं आणि भिजलेली लोकर फळ्यांसकट खाली आली. मी धावत गेले, तर इत्तो त्या ओल्या लोकरीच्या चिखलात बसलेली.

"वाळेल गं," मी म्हटलं.

"कशावर वाळवू, ताई? लाकूड कुठंय?"

हद्दू चटईवर कुडकुडत होता. त्याच्याखाली घालायला आता गादीही उरली नव्हती.