सीटमागचा पत्रा

“मी कुणाचाच माणूस नाही, मला मशीनजवळ एकटं सोडा,” महेंद्र एकदा म्हणाला होता. विट्याच्या पूर्वेला कालव्याचं खोदकाम चाललं होतं, तिथं, १९९८च्या उन्हाळ्यात.

महेंद्र मिरजेचा. ऐन उमेदीची वर्षं त्यानं लष्कराच्या सिग्नल्समध्ये टेलिफोनच्या तारा ओढल्या, तुटलेल्या जोडल्या. तिथंच एक खोड लागली. तार का तुटली याआधी ती कुणी तोडली असेल, हे त्याच्या मनात यायचं. निवृत्त होऊन आला तेव्हा परदेशात वापरून झालेली खोदाईची यंत्रं या भागात दिसू लागली होती. लोक त्यांना सरसकट पोकलेन म्हणत. त्यांत नुसतं इंजिन आणि तेल नव्हतं. ड्रायव्हरसमोरचा पॅनल आणि सीटमागचा कॉम्प्युटरचा डबा तारांतून एकमेकांशी बोलत असत. ते बोलणं तुटलं की इंजिन मंदावायचं, बकेट हवेत लटकून राहायची. मिस्त्री पंप खोलून बसायचे. महेंद्र मीटर घेऊन तारांच्या मागं जायचा.

या वेळी त्याला इंद्रजितनं स्वतःच्या जीपमधून आणलं होतं. इंद्रजितचं तरुणपण कोइमतूरला गलाईच्या दुकानात गेलं. सोनं गाळायच्या त्या धंद्यात संध्याकाळी फरशीवरची धूळसुद्धा झाडून जपून ठेवतात आणि कामगाराचे कपडे झटकल्याशिवाय त्याला बाहेर सोडत नाहीत. गावी परतून त्यानं बेळ्ळारीकडच्या खाणीवरचं जुनं मशीन घेतलं. कपडे झटकायची सवय मात्र अंगातच राहिली.

जीपमधून उतरताच त्यानं महेंद्रला बाजूला घेतलं. लष्करातून आलेल्या कुणालाही या भागात मेजरच म्हणत.

“मेजर, माझा ड्रायव्हर तार कापतोय. मी बसलो की मशीन चालतंय, त्यो बसला की मरतंय.”

“बघू द्या आधी.”

“बघा की. पर ध्यानात ठिवून बघा. दुपारी नानासो यायचेत. त्यांच्याम्होरं तुमी सांगायचं.”

नानासोंची चार मशीनं कालव्यावर होती. कुठल्या ड्रायव्हरला ठेवायचं आणि कुणाला वेशीबाहेर काढायचं, हे त्यांच्या तोंडून ठरायचं. तार कापलेली निघाली तर इंद्रजित ड्रायव्हरला आधी चौकीत नेणार होता. त्याचं लायसन्स त्यानं काढून घेतलंच होतं.

ड्रायव्हरचं नाव नाथाजी. आटपाडीकडचा. घरातली सगळी माणसं मेंढरांमागं चालत आली, मशीनवर बसलेला हा पहिला. तो मशीनच्या सावलीत उकिडवा बसला होता.

“मालकाच्या जीपमधनं आलाय न्हवं तुमी?”

“आलो.”

“मग झालंच की. तपास कशाला करताय? सरळ लिवून टाका.”

तेव्हा महेंद्र ते कुणाचाच माणूस नसल्याचं वाक्य बोलला. इंद्रजितला ते उर्मट वाटलं आणि नाथाजीला खोटं. दोघंही लांब जाऊन उभे राहिले, एकमेकांकडे पाठ करून.

महेंद्र स्वतः सीटवर बसला. सपाट जागेवर मशीन नीट चाललं. खडकावर नेलं, साखळ्या खडखडल्या, आणि पॅनल एकदम काळा झाला. डोळे मिटावेत तसा. म्हणजे इंद्रजित सपाटीवर घटकाभर बसून बघत होता. खडक नाथाजीच्या वाट्याचा होता. एवढं कळलं. पण एवढ्यानं नाथाजी सुटत नव्हता. खडकाची सबब पुढं करून तार सैल करणं काही अवघड नव्हतं.

त्यानं पॅनलपासून डब्यापर्यंतची एकेक तार मीटरवर घेतली आणि हलवून पाहिली. एका तारेला आकडा स्थिर राहीना. हात लावला की पळायचा. तार सीटमागच्या पत्र्याआड जात होती. पत्र्याला चार बोल्ट होते. सगळं मशीन धुळीनं माखलेलं आणि ते चार बोल्ट तेवढे चकचकीत. कुणीतरी ते पुन्हापुन्हा उघडत होतं.

“नाथाजी, हा पत्रा कोण उघडतं?”

“मला काय ठावं? मालकानं हात लावू नगंस म्हणून सांगितलंय.”

“पाना तर तुझ्या पिशवीत आहे.”

“पिशवी मशीनातच असती, रातध्याड. पान्यावर काय माझं नाव कोरलंय?”

उत्तर तयारच होतं. महेंद्रला तयार उत्तरं आवडत नसत.

त्यानं पत्रा काढला. आत तारांच्या जुडग्याला काळ्या दोऱ्यानं एक लिंबू बांधलेलं होतं. त्यात खिळा खुपसलेला, वर बिब्बा आणि चार मिरच्या. लिंबू खालून कुजलं होतं. त्याचा रस थेंबथेंब बरोबर तारा जोडणाऱ्या प्लगवर उतरला होता. प्लग उघडला तर आतल्या पिना हिरव्या, बुरशी चढल्यासारख्या.

त्याच्या आज्यानं छपन्न साली दीक्षा घेतली तेव्हा घरातलं असलं सगळं नदीला दिलं होतं. लिंबू-बिब्बा म्हणजे करणी, दुसऱ्याच्या वाईटासाठी केलेली, एवढंच त्याला ठाऊक. ड्रायव्हरनं मालकावर करणी केली. हिशेब जमत होता. इतका जमत होता की त्याला स्वतःचाच संशय आला.

त्यानं प्लग कापून काढला, तारा थेट जोडून कथलाचा डाग दिला, वर टेप गुंडाळली. लिंबू आणि प्लग रुमालात बांधून खिशात टाकले. मग नाथाजीलाच मशीन खडकावर घालायला लावलं. दुपारपर्यंत पॅनल एकदाही विझला नाही.

इंद्रजितची वस्ती कालव्याला लागूनच होती. नानासो येऊन ओट्यावर बसले, नाथाजी पायरीपाशी. इंद्रजितनं महेंद्रला आत सोप्यात नेलं. त्याच्या आईनं, तानुबाईनं, दोघांपुढं चहाचे कप ठेवले. महेंद्रनं सवयीनं इंद्रजितच्या हातातला कप पाहिला. सारखाच होता.

“काय निघालं?” इंद्रजितनं हळूच विचारलं.

महेंद्रनं रुमाल सोडला. इंद्रजित काही बोलायच्या आत तानुबाई वाकून बघायला लागली.

“आगं बया, कुजलं की हे. आरं इंद्रा, आवसंला बदलाया इसरलास व्हय?”

“आई, तू आत जा.”

“जातीया की. पर ह्येंनी सोडलं का दोरा?” ती महेंद्रकडे वळली. “आवं मेजर, ते मालकानंच बांधायचं आन् मालकानंच सोडायचं असतंय. दुसऱ्याचा हात लागला की त्याचा गुण जातो. तुमच्यात न्हाई व्हय ही रीत?”

“नाही,” महेंद्र म्हणाला.

ती आत गेली. इंद्रजितनं चहा खाली ठेवला.

“खाणीवर ह्या मशीनखाली एक माणूस गेला हुता,” तो म्हणाला. “घेतल्यावर कळलं मला. ड्रायव्हरास्नी कळलं असतं तर कोण चढलं असतं वर? म्हणून पत्र्याआड बांधत हुतो. दर आवसंला, माझ्या हातानं.”

“त्याच्याच रसानं प्लग खाल्ला. नाथाजीनं काही केलं नाही.”

“ते तुमाला नि मला ठावं झालं.” इंद्रजितनं दाराकडं पाहिलं. “मेजर, मी साऱ्या कालव्यावर सांगून बसलोय, त्यानं तार कापली म्हणून. आता लिंबाचं सांगू? आनि मशीनखाली मेलेल्याचं? उद्या एक गडी राह्यचा न्हाई. तुमी एवढंच म्हणा, कापलेली हुती, जोडली. त्यो पोरगा जाईल मेंढरांकडं, त्याला काय, चार पिढ्यांची वाट हाय. आनि तुमाला ह्या तालुक्यातली मशीनं कोण दावतंय, ते बी ध्यानात असू द्या.”

महेंद्रनं त्याच्याकडे पाहिलं. गलाईच्या दुकानात कपडे झटकताना मालक ज्या नजरेनं बघत असेल, ती नजर आता महेंद्रच्या रुमालावर होती. आणि सकाळी नाथाजीच्या पिशवीतल्या पान्याकडे आपण कोणत्या नजरेनं पाहिलं, तेही त्याला आठवलं.

त्यानं रुमालाची टोकं धरली आणि तो ओट्यावर आला.

“बोला मेजर,” नानासो म्हणाले. “तार कापल्याली हुती का न्हाई? पोरगं सकाळधरनं थुंकी गिळतंय.”

नाथाजीनं वर पाहिलं नाही.

महेंद्रनं रुमाल नानासोंच्या पुढ्यात पसरला. कुजलेलं लिंबू, काळा दोरा, बिब्बा, हिरव्या पिनांचा प्लग. नानासोंनी आधी प्लग उचलून पाहिला, त्याचा वास घेतला, मग लिंबाला न शिवता त्यातल्या खिळ्याकडे बघितलं. त्यांच्याही चारी मशीनांवर दर अमावास्येला लिंबू बांधलं जायचं. ते कुणाच्या हातचं असतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

“इंद्रजित,” ते दाराकडं न बघताच म्हणाले, “त्या पोराचं लायसन्स आण आधी भाईर.”

नाथाजी पायरीवरून अर्धवट उठला होता. बसावं की उभं राहावं, हे त्याला कळत नव्हतं. महेंद्रकडे तो अजूनही सकाळसारखाच बघत होता, जणू यातही काही डाव असेल. महेंद्रनं बूट चढवले, मीटरची पिशवी खांद्याला लावली, जीपकडे न वळता तो वस्तीच्या कुंपणातून बाहेर पडला आणि विट्याच्या रस्त्याला लागला.