एक जूनचा केक

आमच्या ऑफिसात दरवर्षी एक जूनला केक येतो. एकाच केकवर अकरा-बारा जण सुरी धरतात, साहेब मधोमध, आणि उरलेले टाळ्या वाजवतात. एवढ्या सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी कसा, असं कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं, कारण सुरीवर माझाही हात असायचा.

आमच्या बिदर-गुलबर्ग्याकडं माझ्या वयाच्या माणसाच्या कागदावरच्या जन्मतारखेला काही अर्थ नसतो. आईबाप लेकराला शाळेत घेऊन जायचे. मास्तर त्याला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की वय भरलं. मग साल अंदाजानं आणि तारीख ठरलेली, एक जून. आमच्या निर्णा गावच्या शाळेत माझा कान असाच हाताला लागला आणि माझा जन्म झाला.

अशी ही मी, आज एका सरकारी ऑफिसात डेटा विश्लेषणाची प्रमुख आहे. दुसऱ्या खात्यांवर नजर ठेवायची, याद्या ताडून बोगस नावं हुडकायची, हे आमचं काम. नजर म्हणजे काय, तर भिंतीवर पलंगाएवढा टीव्ही, त्यावर जिल्ह्याचा नकाशा आणि नकाशावर लाल ठिपके. ठिपके जास्त दिसले की साहेबांची कळी खुलते. कमी दिसले की चहा घेतानासुद्धा ते आमच्याकडं बघत नाहीत. ठिपक्याखाली माणूस असतो, हे त्या खोलीत कधी कुणी बोलल्याचं मला आठवत नाही.

शाळेत पोरांना दुपारचं जेवण रांधणाऱ्या बायकांची यादी आमच्याकडं आली, तेव्हा मी एक नियम लिहिला. एकाच शाळेतल्या दोन किंवा जास्त बायकांची जन्मतारीख एकच असेल, साल कुठलंही असो, तर ती नावं बोगस समजायची. संगणकाला सांगितलं आणि नकाशा गोवर आल्यासारखा लाल झाला. साहेब खुर्चीतून उठून टाळी वाजवत म्हणाले, "वा मॅडम, आता बघू कुठं पळतात!" मी लाजले. खोटं कशाला सांगू, चांगलीच फुगले. आठवड्यात आदेश निघाला की या बायकांनी जन्माचा दाखला आणावा, तोवर कामावर येऊ नये.

चौथ्या दिवशी एक बाई मंठाळच्या बाजूनं बस बदलत आमच्या ऑफिसात आली. पन्नाशी ओलांडलेली, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत तोच आदेश. शिपायानं तिला माझ्यासमोर आणून उभं केलं.

"बाई, आमच्या शाळेत आमी तिघी रांधताव," ती म्हणाली. "तिघींचा फारम हेडमास्तरांनीच भरला, एकाच दिशी. तारीख बी त्यांनीच टाकली, एक जून. आता म्हणायलेत, तुमी बोगस हाव. मी हितं तुमच्यापुढं हुबी हाय की. बोगस कशी?"

"अक्का, जन्माचा दाखला आणा, मग बघू," मी म्हणाले. असं म्हणायची सवयच लागते.

"कुठून आणू? त्या काळी कोण लिहून ठिवायलं होतं?" मग तिनं सरळच विचारलं, "तुमचा कवाचा जलम?"

"एक जून," माझ्या तोंडून गेलं.

ती हसलीसुद्धा नाही. "मग तुमाला कामून काढलं न्हाई?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिपाई दारात उभा राहून छताकडं बघत होता. त्याचाही एक जूनच. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "अक्का, खरा जन्म कधीचा तुमचा?"

"येळवशीचा," ती पटकन म्हणाली. येळवस म्हणजे आमच्याकडची थंडीतली अमावास्या, त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवायला जातं. "बांगलादेशची लढाई झाली त्या साली. माय आंबील घिऊन शेतात गेलती. पूजा झाली, पंगत बसायची, तवर मीच आले. समदे जेवले, माय तेवढी उपाशी."

मी फोनवर जुनं पंचांग उघडलं. दोन मिनिटांत तारीख निघाली, महिना, वार, सगळं. आमच्या सगळ्या याद्यांत इतकी खात्रीची तारीख मी पाहिली नव्हती आणि तिला आम्ही बोगस ठरवलं होतं.

मी साहेबांकडं गेले. माझा नियम चुकलाय, असं त्यांना सांगितलं. साहेबांनी चष्मा पुसला. "मॅडम, दया वेगळी, डेटा वेगळा. डेटा खोटं बोलत नाही."

अरे वा रे डेटा! दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीआधी मी तोच नियम आमच्याच ऑफिसच्या यादीवर चालवला आणि टीव्हीवर लावला. निम्मं ऑफिस लाल, सगळ्यात वर साहेब.

"हे काय? मी बोगस?"

"जन्माचा दाखला आणेपर्यंत घरी बसावं लागेल, साहेब."

"आमचं वेगळं आहे. आमच्याकडं शाळेचा दाखला आहे."

"त्यावर तारीख कुणी घातली?"

साहेबांनी रिमोट घेऊन टीव्ही बंद केला. दुपारच्या आत आदेश मागं घेतला गेला, "तांत्रिक कारणास्तव". चूक कुणाची, ते त्यात नव्हतं. माझं नाव मीही घातलं नाही. इतरांना नावं ठेवायला मी पटाईत, एवढंच.

अक्काला फोन केला. "उद्यापासून कामाला जा."

"व्हय? बरं झालं माय. चार दिस पोरांला कच्चाच भात खाऊ घालायलेत." मग थांबून म्हणाली, "बाई, तुमी बी तुमच्या मायीला इचारून घ्या की, खरा दिस कवाचा."

"माय गेली, अक्का. दोन वर्षं झाली."

यादीत मी आता एक नवा रकाना घातलाय, तारीख पक्की की अंदाजे. अक्काच्या नावापुढं पक्की लिहिलं. माझ्यापुढं अंदाजे. माय होती तेव्हा दर एक जूनला केक कापून झाला की मी तिला फोन लावायचे, आज माझा वाढदिवस म्हणून. ती दरवर्षी म्हणायची, "आज न्हाई गं." आणि मी हसून फोन ठेवायचे. मग कधी, हे एकदाही विचारलं नाही.